काळी पट्टी आणि पातळ रस्सा

माझ्या आईचं आणि तिच्या एकुलत्या एक भावाचं बोलणं बंद पडलं ते मटणाच्या रश्श्यावरून. आता हे कुणाला सांगितलं तर लोक डोळे बारीक करतात. त्यांना वाटतं, रस्सा वरवरचा असेल, खाली कुठेतरी शेताच्या धुऱ्याचं भांडण असेल, नाहीतर आजीचा एखादा दागिना असेल. तसं काही नव्हतं. सानगडीत आम्ही नवं घर बांधलं तेव्हा आईनं साऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक स्वतः रांधला होता. पंगत बसली, वाढणं झालं, आणि माझ्या राजूमामानं आपलं ताट जरासं तिरपं करून रश्श्याचा ओघळ भाताला वळसा घालत कुठवर जातो ते शेजारपाजारच्यांना दाखवलं. मग म्हणाला, "ताई, हा रस्सा होय का चूलबंद?" चूलबंद ही आमच्या भागातली नदी. नावातच चूल आणि बंद आल्यामुळे विनोद दुहेरी झाला आणि अख्खी पंगत खो खो हसली. सकाळपासून चुलीपुढे धूर खात बसलेल्या बाईला भरपंगतीत 'तुझी चूल बंद होती का' असं विचारल्यासारखंच ते झालं.  पंगत उठल्यावर आई एवढंच म्हणाली, "राजू, पुढच्या खेपेले नदीवरच जेवजो." मामानं ते मनावर घेतलं. तो नागपूरला गेला तो आलाच नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, लेकी-जावई, भाऊ-भाचे मंडईच्या निमित्तानं येतात, रात्री नाटक पाहतात, मटण खातात, भांडतात आणि जातात. आमच्या मंडईचं बोलावणं दरवर्षी नागपूरला जायचं आणि दरवर्षी आई दुपारपर्यंत रस्त्याकडे पाहत जास्तीचा भात टाकायची. संध्याकाळी तो भात आम्हाला फोडणी घालून मिळायचा. मला फोडणीचा भात अजून आवडत नाही.

घरात आम्ही चौघं. बाबा साकोलीच्या एका कचेरीत कारकून होते आणि स्वतःला शास्त्रीय दृष्टीचे समजत. बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ते पेपर वाचत आणि कुणी काही सांगितलं की आधी "पुरावा?" असं विचारत. आई कमी बोलायची. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते, म्हणजे घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू माझ्याकडे यायची. आणि चौथी बेबीआत्या, बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न भंडाऱ्याला झालं होतं, नवरा गेल्यावर ती पाण्याचे दोन पितळी गुंड आणि एक घंगाळ घेऊन आमच्याकडे परत आली, ती कायमची. तिच्या मागोमाग तिची शेळी आली, मैना. आत्याचा जीव तीन गोष्टींत होता, मैनेत, माझ्यात आणि घासण्यात. आमच्याकडे पाणी तापवायची शेगडी धानाच्या कोंड्यावर पेटायची. त्या कोंड्याची राखड आत्या फडक्यातून गाळून डब्यात भरायची, जोडीला चिंच, आणि रोज सकाळी मागच्या अंगणातून तिच्या घासण्याचा खर्र-खर्र, खर्र-खर्र आवाज यायचा. त्या आवाजानं मी उठायची. आमचा गुंड उन्हात ठेवला की शेजारच्या घराच्या भिंतीवर उजेड पडायचा. घरातली स्टीलची ताटं घासून घासून इतकी पातळ झाली होती की गरम भात वाढला की ती मांडीवर धरवत नसत. आत्याचं म्हणणं एकच असायचं, "चमकाची चीज असन त घासल्याबिगर कशी चमकन?" यावर बाबांकडेही पुरावा नव्हता.

अशात एका दुपारी, दिवाळीच्या थोडं आधी, लवकर येणारा हलका धान कापून घरोघरी आलेला आणि हवेत कोंड्याची धूळ उडते आहे अशा दिवसांत, आमच्या फाटकापुढे एक पांढरीशुभ्र नवी गाडी येऊन थांबली. आतून राजूमामा उतरला. पोट सुटलं होतं, केस काळे केले होते. "जयभीम भाऊजी," म्हणाला, जणू कालच गेला होता. आई ओट्यावर लाखोरीची डाळ पाखडत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मामा म्हणाला, त्याच्या घरापुढचा रस्ता सिमेंटचा करून राहिले, गाडी आत-बाहेर होत नाही. मामी आधीच हैदराबादला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, आता तोही रेल्वेनं निघाला आहे. "म्हटलं, नवी गाडी कोठी ठेवू? आपल्या माणसाच्या घरी ठेवू. मंडईले आमी दोघंही येतो, जेवतो, आन गाडी घेऊन जातो." हे 'जेवतो' त्यानं आईकडे न पाहता म्हटलं. आईनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा घेऊन आली तेव्हा डोळे लाल होते आणि चहात साखर दोनदा पडली होती.

मामानं गाडी फार जपून लावली. डावी बाजू कुंपणाच्या भिंतीला अगदी खेटवून. त्यावर स्वतः आणलेली खोळ चढवली आणि मग खोळ जराशी उचलून आम्हाला दाराच्या काचांमधल्या उभ्या काळ्या पट्ट्या दाखवल्या. आरशासारख्या चकचकीत होत्या. माझं तोंड त्यात दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या आरशापेक्षा बरं दिसत होतं. "हे सगळ्यात नाजूक," मामा म्हणाला. "प्लास्टिक होय, पण नखरा काचेचा. कोरड्या फडक्यानं पुसलं तरी ओरखडा पडते. कोणी हात लावाचा नाही. आन डाव्या बाजूनं त जाऊच नका, भिंत आहे तिकडं." गाडी मामीच्या नावावर होती, मामीच्या पगारातून घेतलेली, हेही त्यानं जाता जाता सांगितलं. किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांना सायकलखेरीज काही चालवता येत नव्हतं, पण ती किल्ली त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मंडईपर्यंत तो खिसा वारंवार चाचपत राहिले.

त्या दिवसांत आई निराळीच झाली होती. येता-जाता खोळीवरची धूळ झटकायची. शेजारणीनं विचारलं, "कोनाची होय?" तर "माह्या भावाची" असं सांगायची, गाडी मामीची आहे हे माहीत असून. एक दिवस ती आणि मी दिवाळीचे कपडे आणायला साकोलीला गेलो. आत्याला वाटलं, वैनीचं माहेर इतक्या वर्षांनी दारात आलं आहे, आपण त्याचं काही करावं. तिनं खोळ काढली. मामा सूचना देत होता तेव्हा ती मैनेला चारा घालत होती, त्यामुळे तिच्या कानावर त्यातलं अर्धंमुर्धंच पडलं होतं. गाडी पांढरी, आणि मध्येच काळ्या पट्ट्या. भंडाऱ्याच्या सासरी नि इथं माहेरी तिनं जन्मभर एकच काळं पाहिलं होतं, ते म्हणजे भांड्याच्या बुडाचं. तिला वाटलं, ही धुराची काजळी आहे. आत स्टील असणार.

आम्ही परतलो तेव्हा आत्या ओट्यावर बसून हात चोळत होती आणि थोडी नाराज होती. म्हणाली, "वैनी, बहुत जिद्दी काजळी आहे. राखड लावली, चिंच लावली, भिंतीकडूनही शिरून घासलं. आंतून स्टील काही निंगत नाही." आईनं पिशवी टाकली. ऊन तिरपं आलं होतं आणि त्या उन्हात प्रत्येक काळ्या पट्टीवर बारीक गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसत होतं. सगळी चकाकी गेली होती, धुकं बसल्यागत झालं होतं. माझं तोंड तर दिसतच नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, मामानं सांगतलं होतं ना, हात लावाचा नाही म्हणून." आत्या म्हणाली, "मी हात कुठी लावला? मी त राखड लावली." बाबा बाहेर आले, पाहिलं आणि पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही. आई पायरीवर बसली. ती आत्यावर कधी ओरडली नव्हती, तेव्हाही ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "एवढ्या वर्षानं माहं माहेर दारात येऊन उभं राह्यलं, आन त्याले राखड लागली. पातळ रश्श्यावरून गेला तो. हे पाहून त माह्या मौतीलेही येणार नाही." आत्या उठून मागच्या अंगणात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुणी उठवलं नाही, कारण घासण्याचा आवाजच आला नाही.

मंडईला अवकाश होता. पुढचे दिवस आमच्या घरानं त्या पट्ट्यांवर जे प्रयोग केले त्यांची आठवण आली की अजून मला एकटीला हसू येतं आणि घरातली पोरं विचारतात काय झालं. पहिला प्रयोग खोबऱ्याच्या तेलाचा. तेल लावताच ओरखडे गायब, पट्टी काळीकुळकुळीत. आईनं निःश्वास टाकला. दुपारपर्यंत साऱ्या आळीतला धानाचा कोंडा त्या पट्ट्यांवर येऊन चिकटला आणि गाडीला दाढी आल्यासारखी दिसू लागली. ते धुऊन काढल्यावर बाबांची शास्त्रीय दृष्टी जागी झाली. दात हे प्लास्टिकपेक्षा कडक, दातांवर आपण जन्मभर लाल दंतमंजन घासतो आणि दातांना ओरखडे पडत नाहीत, अर्थात दंतमंजन निर्धोक आहे, असं त्यांनी आम्हाला बसवून समजावलं आणि उजव्या पुढच्या पट्टीच्या कोपऱ्यावर बोटानं दंतमंजन घासलं. तो कोपरा गुलाबी आणि खरबरीत झाला. बाबा म्हणाले, "फसला तरी तो प्रयोगच होय." मग ते दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत. बुटाच्या काळ्या पॉलिशबद्दल फार लिहीत नाही. आईचं पांढरं लुगडं त्यात गेलं.

शेवटी मी मोबाइलवर शोधलं. एक हिंदी बोलणारा मुलगा हे सगळं नीट दाखवत होता. मी मोठ्यानं सांगितलं, "याला पियानो ब्लॅक म्हणतात." माझ्या मागे आत्या उभी होती, कितीतरी दिवसांनी गाडीजवळ आलेली. "पियानो म्हणजे?" तिनं विचारलं. बाबा पेपरामागून म्हणाले, "पेटीचा मोठा भाऊ. पेटी, मंग ऑर्गन, मंग पियानो." आत्यानं तेवढंच ऐकलं, पायात चपला सरकवल्या आणि गेली. तेव्हा समाजमंदिरात मंडईच्या नाटकाची तालीम चालली होती. गावची पोरं नाटक बसवत होती आणि एकोडीचे गुलाबमास्तर ऑर्गन वाजवायला येत होते. अर्ध्या तासात आत्या त्यांना घेऊन आली. मास्तर साठीचे, गळ्यात मफलर, हातात चपड्याच्या रोगणाची बाटली, ज्यानं ते आपला ऑर्गन चमकवत. त्यांना गाडी दुरुस्त करायची आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्यानं "पियानो बिघडला" एवढंच सांगितलं होतं.

मास्तरांनी गाडीला एक फेरी मारली. मग डोळे मिटून काळ्या पट्टीवर चार बोटं ठेवली आणि थोडा वेळ थांबले. "सूर नाही यामंधी," म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, हे प्लास्टिक आहे." ते म्हणाले, "मले दिसून राहिलं, बेटा. लाकूड असतं त चपडा मारून देल्लो असतो. याले चपडा लावला त हे रडन." त्यांनी चहा घेतला, लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ले, स्टिअरिंगमागे बसून माझ्याकडून फोटो काढून घेतला. निघताना, काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, आत्याला म्हणाले, "बेबीबाई, सूर दाबला का बेसूर होते. बोट ठेवाचं, दाबाचं नाही." मला ते तमाशातल्या वाक्यासारखं वाटलं. पण माझं 'हळू, हळू' जिला कळत नव्हतं त्या आत्याला हे एकदम पटलं. मास्तर म्हणजे मास्तर.

मग आम्ही दोघी बसलो. त्या मुलानं सांगितलं होतं तसं आधी साबणाच्या पाण्यानं पट्टी धुवायची, धुळीचा एक कण राहू द्यायचा नाही, पाणी पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. नख फिरवून बघायचं. नखाला ओरखडा लागला तर तो खोल, जाणार नाही. नाही लागला तर आशा आहे. आत्याचे सगळे ओरखडे वरवरचे निघाले, नखाला एकही लागत नव्हता, आणि हे सांगितल्यावर ती परत परत नख फिरवून स्वतःची खात्री करून घेत होती. पट्टीच्या कडेनं चिकटपट्टी लावली, बाबांचं जुनं मऊ बनियन घेतलं, त्यावर पांढऱ्या टूथपेस्टचा हरभऱ्याएवढा थेंब, आणि वर-खाली, वर-खाली, अगदी अलगद. आत्याचा हात मात्र आपोआप गोल फिरायला लागायचा. "मी जन्मभर गोलच घासतो वं," ती म्हणायची आणि हात मागे घ्यायची.

तिला लय सापडली ती तालमीमुळे. समाजमंदिरातून ऑर्गनचा आवाज आमच्या अंगणात स्पष्ट येत असे. नाटकातल्या दुःखी सुनेचं संथ गाणं सुरू झालं की आत्याचा हात मऊ चालायचा, जणू मैनेच्या पाठीवर. लावणी सुरू झाली की हातात जोर यायचा आणि मी ओरडायची, "थांब." तेव्हा आम्ही नेमच करून टाकला. सून रडत असली की घासायचं, लावणी आणि खलनायकाच्या प्रवेशाला चहा. एक दिवस सुनेचं काम करणारं पोरगं आजारी पडलं, तालीम झाली नाही, तर आत्या समाजमंदिरात जाऊन मास्तरांना म्हणाली, "तुमी नुसतं वाजवा, माहं काम अडून राहिलं." आणि त्यांनी वाजवलं. हळूहळू धुकं विरलं. बाबांचा गुलाबी कोपरा सगळ्यात शेवटी काळा झाला. आई येऊन उभी राहायची, पट्टीत स्वतःचा चेहरा पाहायची आणि पदर नीट करून आत जायची.

एक गोष्ट मात्र तेव्हाच मला खटकायला हवी होती. भिंतीकडच्या मागच्या पट्टीवर, त्या गोल जाळ्यात, एक ओरखडा कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवा गेला होता. आत्या म्हणाली, "हा माहा नाही." मी म्हटलं, "राहू दे आत्या, एवढे केले, त्यात हा एक." ती पुन्हा म्हणाली, "मी आडवा कवाच घासत नाही." आई ओट्यावरून म्हणाली, "आता कायले वाद घालता, काढा तो बी." तो परका ओरखडाही आत्यानं आपलाच समजून काढला. त्याला सगळ्यात जास्त दिवस लागले. सुनेला फार रडावं लागलं.

मंडईच्या दिवशी सकाळपासून आळीत गुडीशेव आणि जिलबीचा वास होता. मंडपात भोंगे बांधत होते. आई चुलीपुढे होती, मटण शिजत होतं, आणि ती दर थोड्या वेळानं सराट्यावर, म्हणजे लोखंडी उलथन्यावर, रस्सा घेऊन तो कसा ओघळतो ते उजेडात धरून बघत होती. दुपारी काळीपिवळीतून मामा आणि सुनीतामामी उतरले. मामी शाळेत गणित शिकवायची. नमस्कार, पाणी, बाळाचे फोटो, सगळं झालं. बाबांनी खोळ काढली आणि मोठ्या दिमाखानं किल्ली परत केली. पट्ट्या अशा झळकत होत्या की मला वाटलं, नवी गाडी आली तेव्हाही इतक्या नव्हत्या. मामी पर्स काखेत मारून म्हणाली, "दाखवा आता, शेळीनं कोठी ओरबाडलं."

 बाबा म्हणाले, "शेळी? कोणती शेळी?" मामी म्हणाली, "तुमचीच. यांनीच फोनवर सांगितलं ना. गाडी ठेवली त्याच दिवशी डाव्या बाजूनं शेळी चढली, मागच्या काळ्या पट्टीवर हा एवढा ओरखडा." तिनं हात करून दाखवला, आडवा. "मी म्हटलं होतं, गाडी गल्लीबोळात न्यायची नाही. सावजीच्या खानावळीच्या दारात त बिलकूल नाही. आता यांच्यावर विश्वास ठेवू का नको, ते मी स्वतःच्या डोळ्यानं पाहून ठरवीन." आणि ती भिंत आणि गाडी यांच्यामधून वाकून डावी बाजू तपासायला लागली. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. तो भिंतीकडच्या मागच्या पट्टीकडे पाहत होता, जिथे त्याचा ओरखडा असायला हवा होता आणि जिथे आता फक्त त्याचंच तोंड दिसत होतं.

आई सराटा हातात घेऊनच बाहेर आली होती. मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं. तिला सगळं एका क्षणात कळलं. रस्ता सिमेंटचा होत होता की नव्हता कोण जाणे. इतक्या वर्षांनी भाऊ आला तो तिच्यासाठी नव्हता, त्याला एक भिंत हवी होती आणि दोष द्यायला एक शेळी.  मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्याला तिथंच सगळं सुनावणार होते. मागून आत्या म्हणाली, "म्हणजे तो आडवा..." आईनं नुसतं तिच्याकडे पाहिलं, आत्या थांबली. मामी अजून पुढच्या पट्टीशी वाकलेली होती. तिकडे मंडपात गुलाबमास्तरांनी भोंगा तपासायला ऑर्गनचा एक लांब सूर धरला. आई मागून फटीत सरकून मागच्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली, सराट्याचा हात पदरामागे गेला, आणि त्या सुराखाली, फक्त मला आणि आत्याला ऐकू येईल असा, बारीकसा कर्र आवाज झाला. आत्यानं डोळे मिटून घेतले. तिनं इतके दिवस ती पट्टी कशी कुरवाळली होती ते मी पाहिलं होतं.

"सुनीता, तिकडं काय पाहतेस," आई बाजूला होत म्हणाली. "हा पाहा, इथं." मामी आली, वाकली, नख फिरवलं. ओरखडा नखाला चांगला लागत होता. पण तो बोटभरच होता. "एवढाच?" मामी म्हणाली. "हे त पट्टीभर सांगत होते." आई म्हणाली, "शेळीच लहान आहे बाई." बाबा पुढे सरसावले, "पण शेळीचा खूर इतक्या उंचीवर..." आई म्हणाली, "तुमी चूप बसा." तेव्हा आत्यानं डोळे उघडले, पुढे आली आणि म्हणाली, "माह्याच शेळीनं केलं. बहुत वांड आहे. तिले मी दोन दिवस चारा नाही देल्ला." मागच्या अंगणात मैना तोंड भरून चारा खात होती आणि सुदैवानं तिथून दिसत नव्हती. बाबांनी एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि पुरावा न मागता खाली मान घातली. मामी म्हणाली, "जाऊ द्या, जनावर आहे." मग नवऱ्याकडे वळून, जराशा नरमाईनं, "मले वाटलं, तुम्हीच कोठी घासून आले."

पुढे त्या गाडीतून मामा दरवर्षी आला. गाडी जुनी झाली, पांढरा रंग पिवळा पडला, बाकीच्या पट्ट्याही उन्हानं विटल्या. मी दोनदा म्हटलं, मामा, आता असले ओरखडे भरून काढणारे मिळतात, भरून घेऊ. तो नाही म्हणायचा. गाडी लावून झाली की उतरून मागच्या पट्टीवरून एकदा नख फिरवायचा आणि मगच घरात यायचा. आता तोही नाही आणि आईही नाही.

मंडईच्या त्या दिवशी पंगत ओट्यावर बसली. मामा पहिल्या पाटावर. आईनं भात वाढला, त्यावर रस्सा घातला आणि पातेलं घेऊन तिथंच थांबली. मामाच्या ताटात रस्सा होता तिथंच राहिला, कुठेही ओघळला नाही. तो जेवेना. मान खाली घालून नुसता भात कालवत राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, रस्सा घट्ट आहे."  त्यानं कालवणारा हात थांबवला. "तवाही घट्टच होता," तो म्हणाला. "मी ताट वाकडं केलं होतं."

आईनं त्याच्या ताटात आणखी एक पळी रस्सा घातला.  "चूल कवाच बंद नव्हती, राजू," ती म्हणाली. "तूच आला नाही."